कठडा बुटका झालाय, साहेब

प्रति,
नाशिक जिल्ह्यातले जुने पूल ज्यांच्या ज्यांच्या ताब्यात आहेत ते सर्व साहेब

विषय : पुलांना माणूस मिळणेबाबत.

महोदय,

पत्राच्या डोक्यावर एकाच साहेबांचं पद लिहायचं, असं ठरवून बसले होते. ते जमलं नाही. राज्यमार्गावरचा पूल असेल तर एक खातं, तोच रस्ता राष्ट्रीय महामार्ग झाला असेल तर दुसरं, गावरस्त्यावरचा असेल तर जिल्हा परिषद, शहराची हद्द लागली की महापालिका आणि कालव्यावरचा असेल तर पाटबंधारे. रस्ता एकाचा आणि त्यावरचा पूल दुसऱ्याचा, असाही प्रकार असतो म्हणे. पूल कोणाचा हे सांगणारी पाटी पुलावर नसते. आमदार निधीतल्या बाकड्यावर मात्र देणाऱ्याचं नाव तीन ओळींत असतं. तेव्हा हे पत्र सगळ्यांनाच. ज्यांचा पूल नसेल त्यांनी ते पुढे पाठवू नये, ही विनंती. पुढे पाठवण्याचं काम आजवर पुष्कळ झालंय.

मी निफाड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत गणित शिकवते. राहते नाशिकला, पंचवटीत. आम्ही सहा जणी रोज सकाळी एका ईकोत बसून शाळेला जातो आणि वाटेत कादवेवरचा एक पूल लागतो. पुलाचं नाव, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर आठ दिवसांत त्या एका पुलावर डांबराचा आणखी एक थर पडेल आणि फाइल बंद होईल. माझी तक्रारच मुळात त्या डांबराबद्दल आहे. माझं नावही लिहीत नाही. सरकारी नोकर आहे, नियम मलाही ठाऊक आहेत.

या पुलाशी माझं दुसरंही नातं आहे. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, याच रस्त्यावर मैलकुली होते. नव्या साहेबांच्या कानावर हा शब्द आला नसेल, म्हणून सांगते. रस्त्याचा ठरावीक टप्पा एका टोळीकडे असायचा. फावडं, घमेलं, कोयता, पहार एवढी हत्यारं. खड्डे भरायचे, चाऱ्या काढायच्या, झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे मारायचे. आणि टप्प्यात पूल असेल तर पूल सांभाळायचा. बहात्तरच्या दुष्काळात नानांनी खडी फोडली, त्यानंतर दोन-तीन वर्षांत हा पूल झाला, तेव्हाही ते तिथं मजूर होते. पुढे कायम झाले. म्हणजे पूल आणि नाना एकाच वेळी सरकारी नोकरीत लागले, असं आमच्या घरात गमतीनं म्हणतात.

पूल सांभाळायचा म्हणजे काय, तर मे महिन्यात कठड्याखालची पाणी जायची भोकं एकेक करून पहारीनं मोकळी करायची. सांध्यांमध्ये अडकलेले दगड-गोटे काढायचे. खांबाच्या डोक्यावर साचलेला कचरा काढायचा. दिवाळीच्या आधी कठड्यात उगवलेले पिंपळ-उंबर मुळासकट उपटायचे; नुसते कापायचे नाहीत, कापला की पिंपळ खाली जोर धरतो. आणि प्रत्येक मोठ्या पुरानंतर, पाणी उतरलं की सुतळीला दगड बांधून खांबाजवळ सोडायचा आणि खळगा किती पडलाय ते वितीनं मोजून मेस्त्रींना सांगायचं. पुराची पातळी खांबावर गेरूनं रेघ मारून ठेवायची. यातलं काही त्यांना कोणी पुस्तकातून शिकवलेलं नव्हतं. नानांचं एक वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले : "वरचं पाणी गज खातं, खालचं पाणी पाया खातं. बाकी पुलाला काय होत नाही."

नाना २०१२ साली निवृत्त झाले. त्यांच्या जागी कोणी आलं नाही. टोळीतले बाकीचेही एकेक करून गेले. रस्ता ठेक्यावर गेला. पूल कोणाकडे गेला ते अजून समजलेलं नाही.

आता कठड्याचं सांगते.

सातवीत असताना मी या कठड्यावर हात टेकून पूर पाहिलाय. तेव्हा तो माझ्या छातीला लागायचा. मोठी झाले तसा कमरेला लागायला लागला. इथवर हिशेब बरोबर होता. गेल्या उन्हाळ्यात ईको बंद पडली म्हणून पुलावर उतरले, तर कठडा मांडीला लागला. चाळिशीनंतर माणूस काही उंच होत नाही. मग लक्षात आलं की कठडा आहे तिथंच आहे, रस्ता वर चढलाय.

एका रविवारी शाळेची टेप घेऊन गेलो, मी आणि आमचे मिस्टर. पुलाच्या टोकाला, जिथं डांबर संपून माती लागते, तिथं कठड्याच्या खांबाचा मूळ तळ उघडा आहे. तिथून कठडा ९२ सेंटिमीटर भरला. पुलाच्या मधोमध, डांबरापासून मोजला तर ७२. म्हणजे मुळावर २० सेंटिमीटरचा जास्तीचा थर. पूल साधारण १०० मीटर लांब, रस्ता ७ मीटर रुंद. सातवीच्या पोरांना घालतो तसलंच उदाहरण आहे : १०० गुणिले ७ गुणिले ०.२, झाले १४० घनमीटर. खडी-डांबराचा दाबलेला थर घनमीटरला २.४ टनांच्या आसपास भरतो. एकूण ३३६ टन. भरलेली दहाचाकी आज २८.५ टनांपर्यंत चालते. तेव्हा आमच्या पुलावर बारा भरलेल्या दहाचाकी रात्रंदिवस उभ्या आहेत, पावसाळ्यात, सणावाराला, कधीही न हलता. आणि त्यांच्यामधून आमची ईको जाते, एसटी जाते, उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर जातो, लासलगावला कांदा घेऊन निघालेल्या पिकअप जातात.

त्यात ही दहाचाकीही पूर्वीची राहिलेली नाही. २०१८ साली केंद्र सरकारनं मालवाहू गाड्यांची वजनमर्यादा वाढवली. आधी जी सगळं मिळून २५ टनांची होती, ती एका अधिसूचनेनं २८.५ टनांची झाली. गाड्यांना परवानगी मिळाली, पुलांना कोणी विचारलं? सत्तरच्या दशकातल्या पुलाचा हिशेब ज्या इंजिनिअरनं मांडला, त्यानं वरचा बोजा थोडा धरून ठेवला असेलच, मी त्याला नावं ठेवत नाही. पण त्यानं राखून ठेवलेली ताकद आपण डांबरात खर्च केली. जुना थर खरवडून मग नवा टाकायचा असतो, हे नानांनाही माहीत होतं. खरवडायला मशीन लागतं, वेळ लागतो आणि खरवडलेलं कोणाला दिसत नाही. थर दिसतो. काळा, चकचकीत, फोटो काढण्यासारखा.

डांबराखाली आणखी एक गोष्ट गाडली गेली : पाणी जायची ती भोकं. नानांना मी ऑगस्टात पुलावर घेऊन गेले. आता त्यांना काठी लागते. ते कठड्याला धरून चालत राहिले आणि दर दीड-दोन मीटरवर काठीचं टोक डांबराच्या कडेला टोचत राहिले. "हितं एक होतं. हितं एक होतं." चौदा ठिकाणी टोचलं. दोन भोकं सापडली; एकात प्लास्टिकची पिशवी, दुसऱ्यात गवत. पावसाची सर येऊन गेली होती, पुलावर पाणी तुंबलं होतं आणि जाणारी प्रत्येक गाडी आम्हाला भिजवून जात होती. ते पाणी शेवटी कुठं तरी जातंच. स्लॅबच्या भेगांतून आत जातं, गजांना लागतं. गंज चढला की गज फुगतो आणि आतून काँक्रीटला ढकलतो. मग खाली पोपडे सुटतात. आमच्या पुलाखाली उतरून वर पाहिलं तर गर्डरच्या खालच्या अंगाला तांबूस ओघळ आहेत आणि एका ठिकाणी हातभर गज उघडा दिसतो. पाहायला मागवलेलं यंत्र लागत नाही. कोरड्या दिवसांत नदीत शेळ्या चारणारी पोरं रोज पाहतात.

सांध्याबद्दल बोलले नाही तर आमच्या ईकोतल्या बायका मला माफ करणार नाहीत. काँक्रीट उन्हानं लांबतं, थंडीनं आखडतं. निफाडची थंडी तुम्ही बातम्यांत वाचता. डिसेंबरात पारा पाच-सहा अंशांवर येतो आणि एप्रिल-मेमध्ये चाळिशीला टेकतो. शंभर मीटर काँक्रीट पस्तीस अंशांच्या फरकानं साधारण चार सेंटिमीटर लांबतं. त्याला हलायला जागा हवी, म्हणून पुलात फटी सोडलेल्या असतात आणि त्यावर रबर नाहीतर लोखंडी पट्टी असते. आमच्या पुलावरच्या एका फटीची पट्टी तीन वर्षांपूर्वी सुटली. आमचे ड्रायव्हर भाऊ आधीच ओरडतात, "मॅडम, जॉइंट आला!" की सगळ्या जणी मांडीवरचे डबे उचलून धरतात. धडाड. मग पुन्हा गप्पा सुरू. हे इतकं अंगवळणी पडलंय की शाळेच्या सुट्टीत घरी बसल्यावरही पावणेदहाला हात डब्याकडे जातो.

मागच्या पावसाळ्यात त्या पट्टीचं टोक वर आलं. पाण्यात दिसलं नाही. मोटारसायकलवरून जाणारा एक तरुण, मागे बायको, पुढे टाकीवर लेकरू, आमच्या डोळ्यांदेखत आडवे झाले. लेकरू कठड्याकडे फेकलं गेलं. ते वर गेलं नाही, कठड्याला अडकलं, कारण वय तीन वर्षं आणि उंची कठड्यापेक्षा जेमतेम वीतभर जास्त. त्याच्या बापाच्या कमरेलाही कठडा लागत नव्हता, तो फेकला गेला असता तर काय, हा विचार मी त्या रात्री केला आणि तेव्हापासून करतेच आहे. कोणाचं हाड मोडलं नाही, म्हणून बातमीही आली नाही. आठ दिवसांनी कोणी तरी येऊन त्या फटीत सिमेंट भरून गेलं. पूल हलायची जागाच बुजवून टाकली! उन्हाळ्यात ते सिमेंट फुटलं, हे सांगायला नकोच.

यानंतर मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीन साधे प्रश्न : पूल कोणत्या साली झाला, शेवटची तपासणी कधी झाली, तपासणारे अधिकारी कोण. एका कार्यालयानं कलम ६(३) अन्वये अर्ज दुसऱ्याकडे वर्ग केला, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे. तिसऱ्याकडून एका ओळीचं उत्तर आलं : "सदर पुलाची स्थिती समाधानकारक आहे." तारीख नाही, साल नाही, सहीवरून नाव लागत नाही. साहेब, 'समाधानकारक' हा शब्द आम्हा शिक्षकांच्याही वापरात आहे. प्रगतिपुस्तकं भरताना, वर्षभर ज्या पोराकडे आपलं लक्षच गेलं नाही, ज्याचा चेहरा चटकन आठवत नाही, त्याच्या पुढे आम्ही 'समाधानकारक' लिहितो. हुशार पोराबद्दल लिहायला असतं, वांड पोराबद्दल तर खूपच असतं. म्हणून तुमचं उत्तर वाचलं तेव्हा मला बरोबर कळलं.

माझा अर्ज एका पुलापुरता होता. पण हा एकच शब्द सगळीकडे फिरतोय असं वाटतं. १४ मार्च २०१९ ला मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल संध्याकाळच्या गर्दीत कोसळला, सात माणसं गेली. त्या पुलाचंही स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं होतं. किरकोळ दुरुस्ती पुरे, असं त्यात म्हटलं होतं. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पडला, चार जण गेले, पन्नासावर जखमी. तिथं तर धोक्याची पाटी होती आणि नव्या पुलाचे पैसेही मंजूर होते. दोन्ही गोष्टी कागदावर बरोबर होत्या. पाटीपाशी उभं राहून रविवारच्या गर्दीला अडवणारा माणूस नव्हता. महिना झाला नाही तोच, ९ जुलैला गुजरातेत महिसागर नदीवरचा गंभीरा पूल तुटला, वीसहून जास्त माणसं दगावली. तो १९८५ चा पूल. म्हणजे माझ्यापेक्षा लहान.

प्रत्येक दुर्घटनेनंतर राज्यातल्या सगळ्या पुलांचं ऑडिट करायचा आदेश निघतो. निघू दे, माझं काही म्हणणं नाही. काँक्रीटवर हातोडीसारखं यंत्र टेकवून ते किती उसळतं ते पाहणं, आरपार ध्वनिलहरी सोडून आतली पोकळी शोधणं, गंज किती चढलाय ते विजेच्या दाबावरून मोजणं, ही सगळी चांगली शास्त्रं आहेत. पण त्या अहवालाचं पुढं काय होतं? आमच्या जिल्ह्यातल्या किती पुलांचं झालं, त्यात काय निघालं, कोणत्या पुलाला कोणती दुरुस्ती सांगितली आणि ती झाली का, हे मला घरबसल्या मोबाइलवर का दिसू नये? सातबारा दिसतो. गॅसची सबसिडी आली-गेली ते दिसतं. एसटी कुठवर आली तेही आता दिसायला लागलंय. ती एसटी ज्या पुलावरून येतेय त्याची तब्येत तेवढी गुपित.

जुन्या पुलाचं नाव निघालं की लगेच 'ब्रिटिशकालीन' हा शब्द पुढे येतो, जणू वय झालं हाच दोष. आमच्या नाशकातला, राणी व्हिक्टोरियाच्या नावानं बांधलेला आणि आता अहिल्यादेवी होळकरांचं नाव असलेला पूल शंभरी कधीच ओलांडून गोदावरीवर उभा आहे. किती पूर त्याच्या अंगावरून गेले. २००८ चा गेला, २०१६ चा, २०१९ चा. चाळीस वर्षांचा पडतो आणि शंभरीचा उभा राहतो, तेव्हा वयाला दोष देऊन भागत नाही. उलटंही खरं आहे : आजवर उभा आहे म्हणून उद्याही राहील, असं समजायला तो काही ग्रामदैवत नाही.

२ ऑगस्ट २०१६ नाशिककर विसरलेले नाहीत. त्या दिवशी दुतोंड्या मारुती पाण्यात गेला, सराफ बाजारात पाणी शिरलं, रामकुंडावरची देवळं दिसेनाशी झाली. आम्ही घरात मेणबत्ती लावून बसलो होतो. त्याच रात्री तिकडे महाडला सावित्रीवरचा दगडी कमानीचा पूल गेला आणि जयगड-मुंबई, राजापूर-बोरिवली या दोन एसट्या माणसांसकट नदीत गेल्या. शिवाय खासगी गाड्या. सकाळी वीज आल्यावर टीव्हीवर पाहिलं. निवेदक पुलाचं वय सांगत होता. नाना बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "कमान वयानं पडत नसती. खालचं गेलं असंल." त्या पुलाची मे महिन्यात पाहणी झाली होती, असं नंतर सांगण्यात आलं. मे महिन्यात, म्हणजे नदी कोरडी असताना. पुराच्या पाण्यानं पायाखालचं काय नेलं ते मे महिन्यात वरून कसं दिसणार? सुतळीला दगड बांधून सोडणारा माणूस जुलै-ऑगस्टात लागतो, पाणी जरा उतरलं की लगेच, कारण पुढच्या गाळानं तो खळगा भरून येतो आणि सगळं ठीक दिसायला लागतं. गाळ भरलेल्या खळग्यात पायाला आधार नसतो, नुसता भास असतो. त्या जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. एवढी हिंमत आणि एवढा पैसा आपल्याकडे आहे, फक्त तो अपघातानंतर निघतो.

आमच्या बाजूला पुराचं आणखी एक दुखणं आहे, पानवेली. नाशिकचं सांडपाणी पिऊन गोदावरीत पानवेली माजतात आणि पहिल्या मोठ्या पुराला सायखेड्याच्या पुलाला येऊन अडकतात. हिरवीगार गादीच. पाणी मागे तुंबतं, चांदोरी-सायखेड्यात शिरतं आणि पुलाला तेवढा रेटा बसतो. मग जेसीबी लावून पानवेली ओढतात, कधी पुलावरच उभा करून. हे वर्षानुवर्षं चाललंय. पानवेली एप्रिलमध्ये काढल्या तर पाण्याबाहेर असतात, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. वाळूबद्दल लिहीत नाही. पुलाजवळ वाळू काढायला बंदी आहे, आणि रात्री कोणाचे ट्रॅक्टर नदीत उतरतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तसंच 'जड वाहनांस बंदी' या पाटीचं. ती पाटी लावली की तुमची जबाबदारी संपते आणि आमची सुरू होते, असा तिचा अर्थ आम्ही शिकलोय. किती टनांच्या पुढे जड, ते पाटीवर नसतं. अडवायला कोणी नसतं. द्राक्षाच्या हंगामात, मार्च महिन्यात एखाद्या पुलापाशी उभे राहा, पाटीखालून काय काय जातं ते मोजा.

हे आत्ताच लिहायचं कारण म्हणजे सिंहस्थ. पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे. तारीख पुन्हा वाचा. भर पावसाळा, आणि महाडचीच तारीख. मी शकुन-अपशकुन मानत नाही, गणिताची बाई आहे. पण पर्वणी भर पुराच्या महिन्यात येते आणि लाखो माणसं जुन्या-नव्या सगळ्या पुलांवर एका वेळी असतात, हे तर खरं आहे. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत तीसहून जास्त भाविक गेले, ते नाशिक विसरलेलं नाही. सिंहस्थासाठी प्राधिकरण झालंय, निधी आलाय, नव्या पुलांची चर्चा आहे. त्यांची भूमिपूजनं होतील, फिती कापल्या जातील. जरूर कापा. पण येणारा भाविक फक्त नव्या पुलांवरून येणार नाही. तो मराठवाड्यातून, खानदेशातून, नगरकडून आमच्या तालुक्यांतल्या जुन्या पुलांवरूनच येणार आहे. जुन्या पुलाच्या भोकातला गाळ काढण्याला फीत नसते, एवढाच काय तो फरक.

आता मागण्या. फार नाहीत आणि महागही नाहीत.

पहिली मागणी पाटीची. प्रत्येक पुलाच्या दोन्ही टोकांना पाटी लावा : पूल कोणत्या खात्याचा, कोणत्या साली झाला, किती टनांपर्यंत चालेल, शेवटची तपासणी कधी झाली, तपासणाऱ्या अभियंत्याचं नाव काय, तक्रार कोणत्या नंबरवर करायची. रंगारी दोन तासांत लिहील. तपासणीची तारीख मात्र पावसाळ्याआधीची एक आणि पावसाळ्यानंतरची एक, अशा दोन हव्यात. नाव लिहायचंय म्हटल्यावर पाहणी जीपमधून होणार नाही, उतरून होईल.

तपासणीचे अहवाल मराठीत, तालुकावार, सगळ्यांना दिसतील असे ठेवा. 'समाधानकारक' हा शब्द त्यात चालणार नाही. काय पाहिलं, काय मोजलं, काय आढळलं ते लिहा.

जुना थर खरवडल्याशिवाय पुलावर नवं डांबर नको. कठड्याची उंची बिलासोबत मोजून लावा, कामाआधीची आणि नंतरची. सांध्यात सिमेंट भरणाऱ्याचं बिल काढू नका.

पूर आला की पूल बंद करायचा अधिकार गावातल्या माणसाला द्या, पोलीस पाटलाला, तलाठ्याला, कोणालाही, पण नाव ठरवून द्या. खांबावर लाल रेघ मारा. पाणी तिथं टेकलं की फोनाफोनी न करता पूल बंद. आडवं टाकायला लोखंडी फाटक द्या, काटेरी झुडूप आणि दोन ड्रम नकोत. आणि पूल बंद असेल त्या दिवसांत दुसऱ्या वाटेनं एसटी सोडा. नाहीतर पोरं जीव मुठीत धरून त्याच पुलावरून येतात. दहावीची परीक्षा पूर पाहून थांबत नाही, पण सहामाही तरी थांबवता येते. तेवढं आमचं आम्ही पाहू.

आणि शेवटची मागणी, जी विषयातच लिहिली आहे. पुलांना माणूस द्या. दहा पुलांमागे एक द्या, पण कायमचा द्या, त्या भागातला द्या. पद मैलकुलीचं म्हणायला लाज वाटत असेल तर इंग्रजीत काही तरी भारी नाव ठेवा, हरकत नाही. पहार, कोयता, सुतळी आणि आता एक मोबाइल, एवढं त्याच्याकडे असलं की पुरे. दर पुरानंतर खळगा मोजून तो आकडा त्यानं पाठवावा आणि तो आकडा वाचणारं कोणी तरी तुमच्याकडे असावं. बारा ट्रकभर डांबराला जेवढे पैसे गेले तेवढ्यात असा माणूस किती वर्षं सांभाळता आला असता, तो हिशेब मी केलाय, इथं लिहीत नाही. तुम्ही एकदा करून पाहा.

उत्तर पाठवायचं असेल तर पाठवू नका, या. सिंहस्थाच्या ध्वजारोहणाआधी, ३१ ऑक्टोबर २०२६ च्या आधीच्या कोणत्याही रविवारी, सकाळी आठ वाजता. आम्ही टेप घेऊन येतो. नाना खुर्ची टाकून बसतील, भोकं कुठं कुठं होती ते दाखवतील. कठड्याच्या माथ्यापासून बहात्तर सेंटिमीटर खाली, आतल्या बाजूला, डांबराला लागून, आम्ही गेरूनं एक रेघ मारून त्या रविवारची तारीख लिहिली आहे. कृपया ती रंगवून टाकू नका.

आपली,
एका मैलकुलीची मुलगी,
पंचवटी, नाशिक